गिअरबॉक्सखालचे रबर

मोटारीचा गिअरबॉक्स चेसिसवर थेट बसवलेला नसतो. दोघांच्या मध्ये पोलाद आणि रबर यांचा एक एकजीव तुकडा असतो. कंपनीच्या पुस्तकात त्याचे नाव ट्रान्समिशन माउंट असते, गॅरेजात गिअरबॉक्स माउंटिंग किंवा नुसते फाउंडेशन. दोन पोलादी पट्ट्या, त्यांच्यामध्ये मुठीएवढे रबर आणि दोन-चार बोल्ट, एवढाच त्याचा संसार. वजन पेलणे, कंपन अडवणे आणि इंजिनाने चाकांना दिलेल्या ताकदीची उलटी प्रतिक्रिया सोसणे ही तीन कामे मात्र त्याला एकाच वेळी करावी लागतात, आणि ती एकमेकांशी भांडतात. वजन पेलायला आणि हिसका सोसायला रबर कडक लागते, तर कंपन अडवायला मऊ. या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या भांडणात वेळोवेळी काढलेल्या तडजोडी होत. गॅरेजमधल्या माणसाला भेटतो तो झिजलेला तुकडा अशाच एखाद्या तडजोडीचा असतो, त्यामुळे गाडीची रचना बदलली की झिजेची खूणही बदलते.

कंपनाचा हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन रिकामे चालताना मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ वेळा एखाद्या सिलिंडरात स्फोट होतो. म्हणजेच इंजिन सेकंदाला २५ धक्के देते. रबरावर टेकलेल्या त्या सगळ्या वजनाची स्वतःची डुलण्याची गती याहून बरीच कमी असली, तरच धक्के रबरात मुरतात. ती गती २५ च्या जवळ गेली तर रबर कंपन अडवण्याऐवजी वाढवते. जुने होऊन कडक पडलेले रबर दिसायला धड असले, तरी लाल सिग्नलला उभ्या गाडीत आरसा थरथरतो आणि दाराची काच वाजते, त्याचे कारण हेच. फाटलेले रबर कोणालाही ओळखता येते, कडक झालेले मात्र बहुतेक वेळा निसटते.

सुरुवातीच्या मोटारींत ही अडचण नव्हती, कारण आरामाची अपेक्षाच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या पानार गाड्यांनी पुढे इंजिन, त्यामागे क्लच आणि गिअरबॉक्स, मग मागची चाके ही मांडणी रूढ केली. तेव्हा हे सगळे अवयव चौकटीवर सुटे सुटे आणि घट्ट आवळलेले असत. चौकट खड्ड्यात पिळवटली की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची रेष बिघडे. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात आले आणि ते घर चौकटीवर तीन ठिकाणी टेकवले गेले. तीन टेकूंवरची वस्तू चौकट पिळली तरी स्वतः पिळली जात नाही. ही भूमितीची युक्ती पुढे टिकली. पण टेकू धातूचेच होते, त्यामुळे इंजिनाची धडधड थेट आसनापर्यंत पोचे.

रबर मध्ये घालण्याची कल्पना अवघड नव्हती, अवघड होते ते रबराला पोलादाशी धरून ठेवणे. नुसते दाबून बसवलेले रबर काही दिवसांत सरकते आणि कडेने चिरडते. अमेरिकेतल्या एरी गावच्या ह्यू लॉर्ड यांनी १९२४ मध्ये कंपनी काढली ती याच कामासाठी: धातूवर रबर कायमचे चिकटवून त्याचे टेकू बनवायचे. पोलादावर पितळेचा पातळ थर देऊन त्यावर कच्चे रबर साच्यात शिजवले, तर रबरातील गंधक आणि पितळेतील तांबे यांची गाठ पडून घट्ट जोड तयार होतो. पुढे पितळेची जागा रासायनिक चिकटद्रव्यांनी घेतली. लॉर्ड यांच्याच कंपनीचे ‘केमलॉक’ १९५६ मध्ये बाजारात आले आणि आजही या धंद्यात ते नाव चालते. माउंटिंगचा खरा कच्चा दुवा इथे आहे. रबर मधोमध फाटण्याआधी पुष्कळदा ते पट्टीपासून सुटते. मेस्त्री म्हणतो ‘रबराने पत्रा सोडला’, तेव्हा तो या जोडाबद्दलच बोलत असतो.

मोठा टप्पा आला जुलै १९३१ मध्ये. क्रायस्लर कंपनीने प्लिमथ पीए ही गाडी ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने विकायला काढली. चार सिलिंडरचे इंजिन धक्के देणारच, ते थांबवण्यापेक्षा त्याला त्याच्या सोयीच्या अक्षाभोवती डुलू द्यावे, असा तिच्या अभियंत्यांचा विचार होता. त्यांनी पुढचा टेकू वर, पाण्याच्या पंपाजवळ नेला आणि मागचा खाली, गिअरबॉक्सच्या बुडाशी आणला. या दोन रबरांना जोडणारी तिरकी रेषा सगळ्या जोडणीच्या गुरुत्वमध्याजवळून जात असे, आणि इंजिन त्या रेषेभोवती हलके हलके डुले. डुलणे हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला एक पाट्याची स्प्रिंग होती. आठ सिलिंडरचा गुळगुळीतपणा आणि चार सिलिंडरची काटकसर, अशी तिची जाहिरात झाली. फ्रान्समध्ये सित्रोएनने या रचनेचा हक्क विकत घेतला आणि १९३२ पासून आपल्या गाड्यांवर तरंगत्या हंसाचे चिन्ह लावले. मोटारीच्या पोटातल्या रबराला चिन्ह मिळण्याचा असा मान नंतर क्वचितच लाभला.

क्रायस्लरचा हा वारसा भारतात सरळ मुंबईत उतरला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली होती, फोर्डनेही मुंबईत जोडणी केली. पण गाडी इथेच बनवण्याचा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले: केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना जागा नाही, टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करणाऱ्यांनाच परवाना. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरलेल्या मोजक्या कंपन्यांना रबराच्या बारीकसारीक भागांसाठीही देशी पुरवठादार उभे करावे लागले. माउंटिंग त्यांतलाच एक भाग. त्यासाठी साचा, दाबयंत्र, वाफ आणि केरळचे रबर लागते, फार मोठे भांडवल लागत नाही. त्यामुळे अस्सल मालाबरोबर त्याची नक्कलही लवकर बाजारात आली.

मुंबईचा हा माल दक्षिणेकडे जाई त्या वाटेवर हुबळी आहे. आजच्या हुबळी-धारवाडचा हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्याआधी मुंबई इलाख्यात. शहराच्या मध्यभागातल्या व्यापारी रस्त्याला लॅमिंग्टन रोड हे नाव आहे ते १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे. मुंबईच्या ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोडही त्याच गव्हर्नरांचा. एका गव्हर्नराच्या नावाचे दोन रस्ते, एका टोकाला माल उतरवणारे बंदर आणि दुसऱ्या टोकाला कापसाची बाजारपेठ, हा योगायोग नाही. दोन्ही शहरे एकाच कारभाराच्या सावलीत वाढली.

हुबळी मोटारदुरुस्तीचे गाव झाली त्याला तीन कारणे दिसतात. पहिले कारण रेल्वे. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडला होते आणि वर्कशॉप हुबळीला, १८८० च्या दशकापासून. लेथ, भट्टी, फिटिंग यांत हात बसलेली माणसे मोटार येण्याआधीच या गावात होती. दुसरे कारण रस्ते. पुणे-बेंगळुरू रस्ता, कारवार-अंकोल्याकडून वर येणारा रस्ता आणि विजापूर-सोलापूरकडचा रस्ता यांची इथे गाठ पडते. तिसरे कारण बस आणि ट्रक. मुंबई राज्याच्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. राज्य पुनर्रचनेत हुबळीचा भाग म्हैसूर राज्याकडे गेला, आणि १९९७ मध्ये वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ स्वतंत्र झाले तेव्हा त्याचे मुख्यालय हुबळीतच आले. विजयानंद रोडलाइन्स ही देशातली एक मोठी मालवाहतूक कंपनीही १९७६ मध्ये शेजारच्या गदगला एका ट्रकवर सुरू होऊन हुबळीत वाढली. एवढी चाके जिथे थांबतात, तिथे त्यांचे सुटे भाग विकणारी दुकाने येतातच.

मुंबईहून माल आणणे फार सरळ नव्हते. पुण्यापर्यंत रुंद रूळ आणि पुढे मिरज-हुबळीकडे अरुंद, त्यामुळे रेल्वेने येणारी पार्सले वाटेत उतरवून पुन्हा चढवावी लागत. पुणे-मिरज मार्ग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुंद झाला, मिरज-हुबळी रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. गाडी बंद पडलेली असेल तर आठवडाभर भागाची वाट पाहणे परवडत नाही. म्हणून लहान भाग दुरुस्त करून चालवण्याची रीत पडली, आणि ती केवळ हुबळीची नव्हती. जुन्या ट्रकच्या टायरचा जाड तुकडा कापून पट्ट्यांच्या मध्ये घालायचा, बोल्टाला वायसर चढवून आवळायचे, की गाडी पुन्हा चालती. टायरच्या रबरात नायलॉनचे किंवा सुती धाग्यांचे थर असतात, ते कंपन मुरवायला घातलेले नसतात. त्यामुळे अशी गाडी धावते, पण अंगाला हादरते. तेव्हाच्या रस्त्यांवर तो हादरा वेगळा ओळखू येत नसे, हेही खरे.

या काळातल्या तीन गाड्यांवर मेस्त्रींचे हात बसले. प्रीमियरने १९५४ मध्ये आणलेली फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. आणि महिंद्राची जीप: १९४५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडू लागली. तिन्ही गाड्यांत इंजिन लांबीत बसवलेले, त्यामागे गिअरबॉक्स, आणि तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे. इंजिनाला दोन्ही बाजूंनी एकेक रबर आणि गिअरबॉक्सच्या शेपटीखाली तिसरे, आडव्या क्रॉस मेंबरवर टेकलेले. मॉडेल टीची तीन टेकूंची भूमिती इथे रबरासह पुन्हा भेटते.

अशा मांडणीत मागच्या रबरावर वळणाचा जोर कमी येतो, तो बाजूची दोन रबरे घेतात. मागच्याच्या वाट्याला वजन येते आणि क्लच सोडताना पुढे-मागे होणारी खेच. त्यामुळे ते फाटण्यापेक्षा बसते. शिवाय ते गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलच्या नेमके खाली असते. सील गळू लागले की तेल ठिबकत रबरात मुरते, नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि लोण्यासारखे मऊ पडते. तेलाला न जुमानणारे निओप्रीन १९३० मध्येच शोधले गेले होते. तरी माउंटिंगसाठी नैसर्गिक रबरच वापरत राहिले, कारण लाखो वेळा वाकण्याची सहनशक्ती त्याच्याइतकी दुसऱ्यात सहज मिळत नाही. म्हणून जुना मेस्त्री माउंटिंग बदलण्याआधी सील पाहतो. सील तसेच ठेवून घातलेले नवे रबर वर्षभरात पुन्हा मऊ पडते.

शेपटी एखादा सेंटिमीटर खाली बसली तर काय होते, हे फियाट आणि अँबेसेडरमध्ये हातालाच कळे. दोन्हींचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर होता आणि तिथून सळ्यांच्या जोडण्या खाली गिअरबॉक्सकडे जात. दांडा बॉडीला बांधलेला आणि गिअरबॉक्स रबरावर; रबर बसले की दोघांमधले अंतर बदले आणि एखादा गिअर अडखळू लागे. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सच्या आतल्या दातांवर ढकलला जाई आणि खर्च फुकट जाई. दुसरी खूण प्रोपेलर शाफ्टची. शेपटीचा कोन बदलल्यामुळे त्याच्या सांध्यांतले क्रॉस जास्त कोनात फिरत, ठराविक वेगाला आसनाखाली घरघर येई, आणि क्रॉस लवकर झिजत. जीपमध्ये तर गिअरबॉक्सला पुढच्या चाकांना ताकद देणारा ट्रान्सफर केसही चिकटलेला असतो, म्हणजे त्या एका रबरावर आणखी ओझे. युद्धकाळातल्या विलीजमध्ये इंजिन पुढे सरकू नये म्हणून एक पोलादी दोरही बांधलेला असे. रबरावर पूर्ण भरवसा ठेवायला सैन्याचे अभियंते तयार नव्हते, आणि ते योग्यच होते.

घाटांनी या झिजेत मोठी भर घातली. हुबळीहून यल्लापूरमार्गे अंकोल्याला उतरताना अरबैल घाट लागतो, पुण्याकडे जाताना खंबाटकी. चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन एका बाजूला रेटले जाते, उतरताना इंजिनाचा ब्रेक लावला की उलट बाजूला. सपाट रस्त्यावर तासाभरात एकदा-दोनदा येणारा हिसका घाटात दर वळणाला येतो.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि मेस्त्रींचे आधीचे गणित चुकले. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्या एका टोकाला, आणि पुढचीच चाके फिरणारी. आडव्या इंजिनाची ही रचना १९५९ च्या ब्रिटिश मिनीने लोकप्रिय केली होती, पण तिच्यात गिअरबॉक्स इंजिनाखालच्या तेलपात्रातच होता. गिअरबॉक्स शेजारी ठेवण्याची पद्धत १९६४ मध्ये ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत आली, आणि तिच्यामागे होते फियाटचे अभियंता दांते जियाकोसा. मुंबईत पद्मिनी म्हणून नांदलेली फियाट ११००, तीही त्यांच्याच काळातली आणि त्यांच्याच देखरेखीतली. म्हणजे हुबळीच्या मेस्त्रीने ज्या माणसाच्या गाडीवर धडे गिरवले, त्याच माणसाने रूढ केलेल्या दुसऱ्या मांडणीने त्याला ते धडे विसरायला लावले.

फरक कुठे पडला तो आकड्यांत पाहावा. समजा, इंजिनाची पिळ देणारी ताकद ६० न्यूटन मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये ती सुमारे साडेतीन पट होते, म्हणजे २१०. जुन्या मांडणीत इंजिन-गिअरबॉक्सच्या रबरांना एवढ्याच ताकदीची प्रतिक्रिया सोसावी लागते. पुढची चौपट वाढ मागच्या अॅक्सलमध्ये होते आणि तिची प्रतिक्रिया मागचे पाटे घेतात. मारुतीसारख्या गाडीत ती शेवटची वाढही गिअरबॉक्सच्याच घरात होते. आता रबरांवर येणारी प्रतिक्रिया ८०० ते ९०० न्यूटन मीटरच्या घरात जाते, तीही इंजिनाला पुढे-मागे लोळवणारी. इंजिन लहान, पण रबराचा भार चौपट. त्यात मारुतीचे इंजिन तीन सिलिंडरचे. तीन सिलिंडरचे इंजिन दोन टोकांना आळीपाळीने वर-खाली डोलते आणि मिनिटाला ९०० फेऱ्यांवर सेकंदाला साडेबावीसच धक्के देते. धक्के जितके सावकाश, तितके ते रबरात मुरणे अवघड, आणि रबर तितके मऊ लागते. वजनाला कडक आणि कंपनाला मऊ, हे जुने भांडण या छोट्या गाडीत सगळ्यात तीव्र झाले.

यावर काढलेला मार्ग म्हणजे कामाची वाटणी. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत दोन रबरे दोन टोकांना वजन पेलतात, आणि एक किंवा दोन रबरे फक्त लोळणे अडवतात. लोळणे अडवणारे बहुधा हाडाच्या आकाराचे, दोन्ही टोकांना बुश असलेले असते. झिजेच्या खुणाही वाटल्या गेल्या. वजन पेलणारे गेले की गाडी उभी असताना थरथरते. लोळणे अडवणारे गेले की क्लच सोडताना किंवा अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर ‘धप्प’ असा आवाज येतो, पहिला गिअर टाकून निघताना गाडी झटके देते, क्लच प्लेट गेल्याचा भास होतो. या भासापायी धड क्लच प्लेटा बदलल्या गेल्या आहेत. पालखीच्या चार भोयांपैकी एकाने खांदा काढला की ओझे उरलेल्या तिघांवर येते, तसे इथेही होते. एक रबर गेले आणि गाडी तशीच वापरली, तर सहा-आठ महिन्यांत दुसरेही जाते. म्हणून बदलताना सगळी रबरे तपासायची, आणि गाडी जुनी असेल तर सगळी एकदम बदलायची.

तपासणीची पद्धत दोन्ही मांडण्यांत मूळची एकच आहे. आधी डोळ्यांनी: रबराला आडव्या भेगा, पट्टीपासून सुटलेली कड, तेलाचा ओशटपणा, एका बाजूला कललेली जोडणी. वरवरच्या बारीक भेगा हवेतल्या ओझोनने पडतात, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. भेगेत नख शिरले तर मात्र तुकडा संपला. मग टॉमी किंवा पहार घालून गिअरबॉक्स हळूच उचलून पाहायचा. रबर ताणले गेले पाहिजे, पट्टी आणि रबर यांच्यात फट दिसता कामा नये. शेवटी बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसेच करायचे. इंजिन बोटभर हलले तर ठीक, उसळी मारून आदळले तर रबर गेले. या वेळी गाडीच्या समोर किंवा मागे कोणी उभे राहायचे नसते. चाचणी पाहणारा बाजूला उभा राहतो.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण त्यात क्रम पाळावा लागतो. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना ठोकळे लावतात आणि बॅटरीचे ऋण टोक सोडतात. खाली शिरायचे असेल तर गाडी स्टँडवर घेतात, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहत नाहीत. मग दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली लावायचा, मध्ये लाकडी ठोकळा देऊन. इंजिनाच्या तेलपात्राच्या पातळ पत्र्याखाली जॅक लावला तर तो पत्रा आत जातो आणि तेल खेचणाऱ्या नळीला टेकतो. जॅकने वजन फक्त उचलून धरायचे, गाडी वर न्यायची नाही. वजन निघाले की सैल केलेले नट हाताने फिरतात, नाही फिरले तर वजन अजून बोल्टावर आहे असे समजायचे. क्रॉस मेंबर सुटला की शेपटी आणखी एक-दोन सेंटिमीटर उचलून जुना तुकडा काढतात. इथे घाई नडते: मागची शेपटी जास्त खाली-वर केली की पुढचा पंखा रेडिएटरला लागतो, होज ताणले जातात, वेगमापकाची केबल तुटते. आडव्या इंजिनाच्या गाडीत एका वेळी एकच रबर सोडायचे, नाहीतर सगळी जोडणी एका बाजूला झुकते आणि चाकांकडे जाणारे अॅक्सल शाफ्ट त्यांच्या सांध्यातून निसटू शकतात.

जुना आणि नवा तुकडा शेजारी ठेवून पाहणे ही जुन्या मेस्त्रींची सवय अजूनही सर्वांत मोलाची आहे. उंचीतला फरक मोजला की जुने किती बसले होते ते कळते. नव्यावर बाण किंवा खुणेची पिन असेल तर ती जुन्याच्या दिशेतच यायला हवी, कारण बऱ्याच माउंटिंगांत रबर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पोकळ असते. नवे बसवून बोल्ट आधी सैल ठेवायचे, जॅक हळू उतरवून सगळे वजन रबरावर येऊ द्यायचे, इंजिन दोन-तीनदा हलवून त्याला आपली जागा घेऊ द्यायची, आणि मगच बोल्ट कंपनीने दिलेल्या ताकदीने आवळायचे. वजन येण्याआधी आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत बसते, आणि महिन्याभरात थरथर परत येते. त्यानंतर गिअरच्या सळ्यांची किंवा केबलची जुळवणी, क्लचची मोकळी चाल आणि सायलेन्सरचे टांगते रबर पाहायचे. शेपटी आपल्या उंचीवर परत आली की आधी बसलेल्या उंचीला जुळवलेले हे सगळे चुकीचे ठरते.

रबराचा कडकपणा ‘शोअर ए’ या मापात मोजतात आणि माउंटिंगचे रबर साधारण ४० ते ७० च्या दरम्यान असते. नकली माल बहुधा कडक निघतो, कारण त्यात स्वस्त भर जास्त असते. नवी माउंटिंग टाकूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरू लागली, तर शंका आधी या मालावर घ्यावी. उलट काही हौशी लोक शर्यतीच्या गाड्यांसारखे पॉलियुरेथेनचे कडक तुकडे टाकतात. त्याने गिअर नेमका पडतो, आणि काचा रोज वाजतात.

१९८० च्या दशकापासून युरोपातल्या आणि जपानी गाड्यांत कडक-मऊच्या भांडणावर दुसरा उपाय आला: रबराच्या पोटात दोन कप्पे, त्यांत ग्लायकॉलसारखे द्रव आणि मधून अरुंद वाट. हळू आणि मोठ्या हिसक्यात द्रव त्या वाटेने रेटले जाऊन हिसका जिरवते, बारीक आणि वेगवान कंपनात रबर मऊच वागते. भारतात या शतकाच्या सुरुवातीपासून, विशेषतः डिझेल गाड्यांत, असे टेकू सर्रास झाले. त्यांचा अंत वेगळा असतो. रबर धड दिसते, पण खाली ओलसर डाग पडलेला असतो, आणि द्रव गळून गेल्यावर तो महागडा तुकडा साध्या रबरापेक्षाही वाईट काम करतो. टायरचा तुकडा घालून चालवण्याची रीत इथे संपते, कारण दुरुस्त करण्यासारखे त्यात काही उरत नाही. सुट्या भागांच्या दुकानदाराचे महत्त्व यामुळे वाढले आणि लेथवाल्याचे घटले.

विजेच्या गाड्यांनी आता तिसरी मांडणी आणली आहे. इंजिन नाही म्हणजे स्फोटांचे धक्के नाहीत, तरी मोटर आणि तिचा गिअर रबरावरच बसतात. मोटर शून्य वेगापासून पूर्ण पिळ देते आणि ब्रेक लावताना उलट दिशेने तितक्याच झटकन वीज परत घेते, त्यामुळे हिसका कमी झालेला नाही. नाहीशी झाली ती उभ्या गाडीतली थरथर, जिच्यावरून मेस्त्रींच्या तीन पिढ्या रबराची झीज ओळखत आल्या. अशा गाडीत सिग्नलला कान लावून उपयोग नाही. अॅक्सिलरेटर सोडून गाडी वीज परत घेऊ लागते तो क्षण आणि पुन्हा दाबल्यावर ती पुढे झेपावते तो क्षण, या दोन्ही वेळी मजल्याखाली ठोका येतो का, एवढीच चाचणी उरते.